नारपोलीच्या घराचं मागचं दार

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

भिवंडीत नारपोलीला माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं आमचं बैठं घर. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, मागे उंच भिंतींचं छोटं अंगण. गेल्या वर्षी रिनोव्हेशन काढलं. मॉड्युलर किचनला जागा हवी म्हणून अंगणात उघडणारं सागवानी दार काढून तिथे भिंत घालायचं ठरलं. बाबा — म्हणजे सासरे — पक्षाघातानंतर आधाराशिवाय उभेही राहू शकत नव्हते. ते माझ्या नवऱ्याला, नितीनला म्हणाले, "बाकी काय करायचा तो कर. पन दार नको काढू. घराला मागनं वाट पायजे."

"बाजूच्या बोळातून गेट करतोय ना, बाबा!"

विषय संपला. भिंत झाली, टाइल्स लागल्या, पुढे फ्रिज उभा राहिला.

एका दुपारी नितीन दापोड्याच्या गोडाऊनमध्ये ड्युटीवर होता. बाबा झोपलेले पाहून मी बाहेरून कुलूप लावलं आणि त्यांच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेले. परत येते तर खिडकीतून काळा धूर! नवीन स्विचबोर्ड पेटला होता, खालचा सोफाही. मी किंचाळतच कुलूप काढलं. कारखान्यातली माणसं बादल्या घेऊन धावली.

"भाभी, अंदर कोई है?"

"बाबा आहेत! बाबा!"

पलंग रिकामा. बाथरूम, पलंगाखाली... कुठेच नाहीत. तेवढ्यात मागच्या अंगणातून खोकल्याचा आवाज आला. बोळातून धावत जाऊन गेटचं कुलूप काढलं — बाबा अंगणातल्या दगडावर बसलेले. अंगावर काजळीचा डागसुद्धा नाही.

"बाबा, इथे कसे आलात?"

ते माझ्यावरच चिडले. "कसा म्हंजे? मागच्या दारानं. उघडाच व्हता तो."

मी आत जाऊन पाहिलं. फ्रिज जागच्या जागी. टाइलला साधी चीरही नाही.

नितीननं ती भिंत फोडून घेतली आणि जुनं दार चौकटीसकट परत बसवलं. बाबा पुढे काही महिन्यांनी गेले. मागच्या दारानंच बाहेर आलो, हेच ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

नितीन म्हणतो, कारखान्यातल्या कुणीतरी त्यांना उचलून नेलं असेल. असेलही... पण कुठून? खिडक्यांना ग्रिल, पुढच्या दाराला कुलूप, गेटला कुलूप — आणि दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या.