मामांनी परत घेतलेली संमती

बी.एस्सी.ला मायनर म्हणून मी जैवनीतिशास्त्र घेतलं, ते केवळ त्याला प्रॅक्टिकल नाही म्हणून. तर मॅडमनी कापसावरच्या फवारणीबद्दल एका तरी शेतकऱ्याची मुलाखत आणायला सांगितली. तीही रीतसर संमती घेऊन, नाहीतर विषय राहिला. त्या हंगामात फवारणीची विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात पडत होती.

मी एसटीने बाभुळगावला मामांकडे गेलो. ओसरीत शेजारची मंडळी चहा पीत बसली होती. घसा खाकरून मी पाठ केलेलं सुरू केलं, "या अभ्यासात आपल्याला कोणतीही शारीरिक इजा होणार नाही..."

एका आजोबांनी कप खाली ठेवला. "कायची इजा? सुई टोचून राह्यला का हा?"

"नाही आजोबा, फक्त प्रश्न..."

"मंग इजेचं नाव काहून काढलं?"

बघता बघता ओसरी रिकामी. आतून मामी ओरडली, "बाप्पा! लोकाइले हाकललं ना बे! चहा तरी पिऊ द्याचा!"

उरले मामा. "विचार मले."

"मामा, केव्हाही थांबवता येते बरं. मंग मी सारं खोडतो," मी ऐटीत म्हणालो.

बोंडअळी, औषधाचे डबे, दुकानदाराचे सल्ले, मामा धडाधड सांगत गेले. मी मनात पास होऊन मोकळा झालो. शेवटचा प्रश्न माझ्याच पदरचा होता. "फवारणीले माणूस लावता, त्याले सांगता का, औषध किती जहाल आहे ते?"

मामांनी माझ्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, "थांब. मले नाही द्याची मुलाखत. खोड."

"तेवढा एकच प्रश्न काढतो ना मामा..."

नीतिशास्त्राचा विद्यार्थी वांग्यांचा भाव करावा तशी घासाघीस करत होता.

"तूच म्हणलं ना, सारं खोडतो?"

मी त्यांच्यासमोर पानभर रेघा ओढल्या.

सकाळी स्टँडवर सोडताना मामा म्हणाले, "मॅडमले सांगजो, मामा घरी नव्हता."

वर्गात मी खरं तेच सांगितलं, मामांनी मधेच संमती परत घेतली. मॅडमनी विचारलं, "संमती कोणत्या प्रश्नावर परत घेतली?" सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर विषय जातो. "सांगता येत नाही," म्हणालो. वर्ग खदखदून हसला. (हे लिहू का, म्हणून मामांना अलीकडे विचारलं. या वेळी ते 'थांब' म्हणाले नाहीत.)

मॅडम म्हणाल्या, "बस खाली." मला बसवेना. गावाहून येताना बसच्या खिडकीतून मामांचं शेत दिसलं होतं. त्यांनी लावलेला माणूस पाठीवर पंप घेऊन कापसाच्या पऱ्हाटीत शिरत होता, तोंडाला साधा रुमालही नव्हता. आणि औषध किती जहाल आहे, हे त्याला न सांगण्याचं वचन मी कोणालाच दिलेलं नव्हतं.