गुलाबची सर्व्हिस बंद होत नव्हती

आधी घरचं सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातल्या देवांसोबत भूतं, उतारे, अंगारे असलं सगळंच घराबाहेर गेलं. वडील शाळामास्तर. आम्ही पिंपळाखालून जायला घाबरलो की ते मुद्दाम तिथूनच न्यायचे आणि म्हणायचे, हे तर बुद्धाचं झाड, याले काय भ्यायचं. अशा घरातली मी... त्यात शिकले कॉम्प्युटर. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय. पण लिहिते.

पुण्यात काही वर्षं सर्व्हर सांभाळायची नोकरी केली. मग आई आजारी पडली आणि मी भंडाऱ्याला परत आले. इथे एका संस्थेत काम मिळालं. आमच्या जिल्ह्यात तलावच तलाव. एक भरला की सांडव्यावरून पाणी नाल्यात, नाल्यातून खालच्या तलावात. वर डोंगराकडे पाऊस पडतो आणि खाली स्वच्छ ऊन असताना नाला अचानक दोन्ही काठ भरून येतो. तेव्हा नाल्यात मासे धरणारा माणूस असतो, पलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करणाऱ्या बाया असतात. त्यांना आधी कळावं म्हणून संस्थेनं काही गावांत एक सोय केली होती. वरच्या तलावात पाण्याची उंची मोजणारं यंत्र, आणि खालच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, छोटा कॉम्प्युटर आणि भोंगा.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक सर्व्हिस चालायची. सर्व्हिस म्हणजे पोटात गुपचूप चालणारा प्रोग्राम. पडद्यावर काही दिसत नाही, पण मशीन सुरू झालं की तोही सुरू, आणि मध्येच पडला तर आपोआप पुन्हा उठणार. पाणी वाढलं की भोंग्यावरून इशारा द्यायचा, आणि रोज सकाळी भोंगा चालू आहे हे कळावं म्हणून एक वाक्य बोलायचं, एवढंच त्याचं काम.

हा प्रोग्राम लिहिला होता गुलाबनं. अड्याळपासून आत एक ढिवरांचं, मासेमारी करणाऱ्यांचं, गाव आहे (नाव देत नाही), तिथला. आयटीआय करून संस्थेत लागला होता. त्याचे वडील त्याच नाल्यात वाहून गेले होते, तो लहान असताना. त्यामुळे हे काम त्याच्यासाठी नोकरी नव्हती. सगळ्या गावांसाठी आवाजही त्यानंच दिला होता. सकाळचं वाक्य असं — "गुलाब बोलून राहिलो जी. आज पानी ठीक आहे. आपआपल्या कामाले लागा." मी त्याला म्हटलं होतं, नाव कशाला घेतोस? तर म्हणाला, ताई, नाव सांगितल्याशिवाय आमच्याकडं कोनी आयकत नाही.

गुलाबनं कावीळ अंगावर काढली आणि गेला. लग्न झालं नव्हतं. मागे एकटी आई, यमुनाबाई. अड्याळच्या बाजारात मासे विकायची.

तो गेल्यावर वर्षभरात संस्थेनं यंत्रणा बदलली. नवी सर्व्हिस आली. तिला पाण्याची उंची जास्त नीट कळायची, तीन पायऱ्यांचा इशारा द्यायची, लोकांच्या मोबाइलवरही निरोप जायचा. आवाज एका बाईंचा. गुलाबची जुनी सर्व्हिस सगळीकडून काढायची, हे काम माझ्याकडे आलं. मन लागत नव्हतं, पण केलं.

त्यासाठी गावोगाव फिरावं लागत नाही. ऑटोमेशनचं टूल असतं. मी भंडाऱ्यात बसून एका ठिकाणी लिहायचं की अमुक सर्व्हिस चालू असली पाहिजे, तमुक बंद आणि पुसलेली असली पाहिजे. टूल प्रत्येक गावाच्या मशीनवर जाऊन बघतं. सांगितल्यासारखं असेल तर 'ओके' म्हणतं, नसेल तर दुरुस्त करतं आणि 'चेंज्ड' म्हणतं. म्हणजे एकदा चेंज्ड आलं की पुढच्या वेळी ओकेच यायला पाहिजे.

सगळ्या गावांत तसंच आलं. फक्त गुलाबच्या गावी दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंज्ड. तिसऱ्या दिवशीही. म्हणजे रोज टूल जाऊन त्याची सर्व्हिस बंद करत होतं, आणि रोज ती पुन्हा चालू सापडत होती.

मला काही विशेष वाटलं नाही. असं होतं. फाइल पुसली तरी प्रोग्राम मेमरीत राहतो. मी इथूनच मशीनमध्ये शिरले. फाइल नव्हती. गुलाबच्या आवाजाचं रेकॉर्डिंगही नव्हतं. आणि सर्व्हिस चालू होती. मी ती बंद केली, मशीन रीस्टार्ट केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

मग मला शंका आली की कोणीतरी मुद्दाम करतंय. पण पासवर्ड माझ्याकडेच. तो बदलला. तरी तेच. त्या छोट्या मशीनचं सगळं मेमरी कार्डावरच असतं, म्हणून शेवटी भंडाऱ्यात एक कोरं कार्ड घेऊन त्यावर सगळं पहिल्यापासून भरलं. जुन्यातलं एक अक्षर येऊ दिलं नाही. ते घेऊन गाडीनं गावी गेले. मशीन होतं मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, अगदी पारीवर. किल्ली यमुनाबाईंकडे असायची, त्याच खोली झाडायच्या. त्यांनी कुलूप काढलं, मी कार्ड बदललं, टूल चालवलं. ओके आलं. एकदाचं मिटलं असं वाटलं. उशीर झाला होता म्हणून मुक्कामाला त्यांच्याकडेच राहिले.

सकाळी आम्ही दोघी पारीवर उभ्या होतो. डोंगे, म्हणजे मासेमारांच्या छोट्या होड्या, काठाला लागत होते, शिंगाड्याच्या वेलांवर ऊन आलेलं. भोंगा किंचित खरखरला आणि...

"गुलाब बोलून राहिलो जी. आज पानी ठीक आहे. आपआपल्या कामाले लागा."

मी गर्रकन भोंग्याकडे वळले. यमुनाबाईंनी मात्र पदर सावरला आणि पाटी उचलली. म्हणाल्या, चाल बाई, बाजाराचा टाइम झाला. त्यांना वाटत होतं ऑफिसनंच मुद्दाम त्यांच्यासाठी आवाज चालू ठेवलाय. जाताना त्यांनी माझे आभार मानले.

त्यानंतर मी पूर्ण मशीनच बदललं. दुसऱ्या गावात नीट चाललेलं मशीन इकडे आणलं आणि इकडचं तिकडे नेलं. तिकडे गेलेलं मशीन शहाण्यासारखं ओके देत राहिलं. इथे आलेलं चेंज्ड.

खरं सांगायचं तर एका टप्प्याला मी प्रयत्न सोडले. कोणाचं काय बिघडतंय? एक आई रोज सकाळी मुलाचा आवाज ऐकतेय. पण बिघडत होतं, ते मला उशिरा कळलं. गुलाबच्या प्रोग्राममध्ये एक खोड होती. स्वस्तातला भोंगा प्रत्येक वेळी सुरू होताना 'टक्' आवाज करायचा, म्हणून त्यानं तो एकदा धरला की सोडायचाच नाही अशी व्यवस्था केली होती. म्हणजे जुनी सर्व्हिस चालू असेल तर नवीला भोंगा मिळणारच नव्हता. आणि वरच्या तलावातलं यंत्र आता फक्त नव्या सर्व्हिसला माहिती देत होतं. गुलाबचा आवाज रोज म्हणत होता पाणी ठीक आहे, आणि त्याला पाण्याचं काहीच कळत नव्हतं.

मृगानंतर एके दुपारी वर जोराचा पाऊस झाला. नवी सर्व्हिस इशारा द्यायला धडपडली. मी नंतर नोंदी पाहिल्या, तिनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर होतं, भोंगा दुसऱ्याच्या हातात आहे. मोबाइलचा निरोप गेला, पण नाल्यात उतरलेला माणूस मोबाइल काठावर ठेवून जातो. गावातले शामराव जाळ्यासकट वाहत गेले. बेशरमाच्या झुडपांत अडकले म्हणून वाचले. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर पाय बांधून खाटेवर बसले होते. माझ्यावर राग नव्हता त्यांचा. फक्त म्हणाले, "गुलाबनं सकाळी सांगितलं होतं ना बाई, पानी ठीक आहे म्हनून."

संस्थेच्या साहेबांनी सांगितलं, त्या गावातलं मशीन काढून आणा, दुसरी सोय होईपर्यंत राहू द्या गाव तसंच. ऐन पावसाळ्यात गावाला भोंगाच नाही! मी दोन दिवस मागून घेतले आणि यमुनाबाईंकडे गेले.

काय सांगायचं ते ठरवून गेले नव्हते. चुलीपुढे बसून सगळं खरं सांगून टाकलं. आवाज आम्ही चालू ठेवलेला नाही. मी तो रोज बंद करते. कार्ड बदललं, मशीन बदललं. तो का वाजतो ते मला माहीत नाही. आणि तो वाजतो म्हणून दुसरा वाजू शकत नाही, म्हणून शामराव वाहत गेले.

यमुनाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग विचारलं, तू खरंच नाही लावला? मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, उद्या सकाळी ये पारीवर.

सकाळी मी गेले तेव्हा त्या आधीच भोंग्याच्या खांबाखाली उभ्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या, एवढं लक्षात आहे. डोंग्यावरची माणसं जाळी सोडवत होती. भोंगा खरखरला, गुलाब बोलला. रोजचंच वाक्य. ते संपल्यावर यमुनाबाईंनी खांबाला हात लावला आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात बोलल्या —

"बापू, तुया आवाज मले रोज पायजे. पन तुले आता पानी दिसत नाही. ज्याले दिसते त्याले बोलू दे."

थोडं थांबून म्हणाल्या, "तुया बाप गेला तसा कोनाचा जाऊ नोको देऊ."

बस. पूजा नाही, नारळ नाही, काही नाही. हात काढला, पाटी उचलली, बाजाराला गेल्या. मी तिथेच पारीवर बसून राहिले. टूल चालवायची हिंमत होत नव्हती. मग लॅपटॉप उघडला आणि चालवलं.

ओके.

पुन्हा चालवलं. ओके. सर्व्हिस बंद होती. माझ्या टूलनं तिला हातही लावला नव्हता. मशीनच्या नोंदी काढल्या. यमुनाबाई खांबाखाली उभ्या होत्या त्याच वेळेला एक ओळ होती. सर्व्हिस कोणी मारली नव्हती, ती कोसळलीही नव्हती. काम पूर्ण करून स्वतःहून बंद झाली होती. आता हे ज्यांना कळतं त्यांच्यासाठी सांगते, गुलाबचा प्रोग्राम मी स्वतः वाचलेला होता. तो गोल फिरणारा होता, त्याला शेवटच लिहिलेला नव्हता. काम पूर्ण होईल अशी जागाच नव्हती त्यात.

दुसऱ्या सकाळी नवा आवाज आला. गावाला चमत्कारिक वाटलं. काही म्हातारे तर रुसले, ही बाई कोन आली म्हणे. यमुनाबाई त्यांना समजावत होत्या, आयका तिचं, तिले दिसते. पुढे रोवणीच्या दिवसांत नाला पुन्हा आला, भर दुपारी. या वेळी भोंगा वाजला. पलीकडच्या बाया रोपांच्या पेंढ्या टाकून पारीवर चढल्या, नाल्यातले लोक वर आले. एक डोंगा गेला, माणूस एकही नाही. यमुनाबाई त्या वेळी पारीवर होत्या म्हणे. पाणी उतरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

मी खूप शोधलं. कॉम्प्युटर क्षेत्रातल्या ओळखीच्या लोकांना विचारलं. कोणी म्हणालं दुसरीकडून कोणाचं टूल चालू असेल. नव्हतं. कोणी म्हणालं तू चुकीच्या मशीनवर काम करत असशील. मी मशीनसमोर बसले होते. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, कारण सापडलं नाही म्हणून कारण नाही असं होत नाही, शोधत राहा. मीही तेच मानते. शोधतेय.

तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. फक्त मशीन बिघडलं होतं असं सांगू नका. पंधरा वर्षं मी बिघडलेली मशीनंच दुरुस्त करतेय... त्यांच्याशी भांडून, रडून, विनवण्या करून पाहिलंय. बिघडलेलं मशीन कोणाचं ऐकत नाही हो.