आईच्या गाण्यातला ऽ

आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, त्या दिवशी काशीगावातल्या आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही...

आई धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांत धवले गाऊन लग्न लावायचा मान तिचा. तिच्यामागे ते गाणारं कुणीच नव्हतं, आणि माझा आवाज म्हणजे फाटका बांबू.

पेटी मात्र मी शिकले होते. मुंबईतले एक सर गावोगावची गाणी कम्प्युटरवर ताडून बघायचे, त्यांची ओळख पेटीच्या क्लासमध्येच झालेली. त्या काळच्या कम्प्युटरला आवाज कुठला कळायला... गाणं आधी सुरांच्या अक्षरांत लिहायचं, मग सा म्हणजे S, रे म्हणजे R असं करत कार्डांवर छिद्रं पाडायची. टेपरेकॉर्डर आमच्या ऐपतीबाहेरचा होता. आईची गाणी जपायचा मला हाच एक मार्ग दिसला.

ऑपरेशनपर्यंत आई रोज ओटीवर बसून गायची आणि मी लिहायचे. दुखायचं तिला, चेहऱ्यावर दिसायचं. मी म्हटलं, पुरे आता. तर म्हणाली, "लिव गो बाय, मंग कोन सांगल?"

ऑपरेशन झालं. आवाज गेला, नुसती कुजबुज राहिली.

लिहिलेल्या गाण्यांची एक नक्कल मी सरांकडे पाठवली होती. काही दिवसांनी त्यांच्याकडून कम्प्युटरचा छापील कागद आला. मी हौसेने पेटीवर वाजवून दाखवायला लागले, तर आईने माझा हात धरला. मी कान तिच्या तोंडाशी नेला...

"यो माझा गाना न्हाय. यान दमच न्हाय."

मला रडूच आलं. मग माझा कागद शेजारी ठेवून एकेक सूर ताडला. आई जिथे जिथे सूर लांबवायची, तिथे तिथे सा येऊन बसला होता. सूर लांबवायची खूण म्हणून मी ऽ लिहिलेला... पंचिंग करणाऱ्या मुलीने तो इंग्रजी S समजून मारला होता. ध चा मा ऐकून होते, इथे ऽ चा सा झाला. तिला तरी काय बोलणार, दिसतोच तसा.

सरांनी कुरकुर न करता सगळी कार्डं नव्या खुणेने पुन्हा करून घेतली. आभार मानायचे राहूनच गेले, ते आज मानते. त्या गाण्यांत कम्प्युटरला काय सापडलं, ते मात्र मला कधी कळलं नाही.

नव्या कागदावरून मी पेटी वाजवायचे आणि वहिनी शिकायची. पुढच्या लग्नसराईत ती भर मांडवात पहिल्यांदा धवला गायली. घाबरून सूर लवकर सोडायला लागली, तेव्हा समोर बसलेल्या आईने हात वर केला... आणि तसाच धरून ठेवला. वहिनीने त्या हाताकडे बघत सूर लांबवला. हात खाली आला तेव्हाच पुढची ओळ.

आवाज गेलेल्या माझ्या आईने ते लग्न लावलं.