मी गाता झालो

निवृत्त झालो त्याच वर्षी मी फ्रेंच शिकायला लागलो. कारण माझा नातू. लेक-जावई फ्रान्समध्ये, नातू तिथलाच, वय वर्षं पाच. व्हिडिओ कॉलवर तो मराठीत फक्त "आबा" म्हणायचा आणि पुढचं सगळं फ्रेंचमध्ये. मी नुसती मान हलवायचो. एकदा तो काहीतरी रडवेल्या तोंडानं सांगत होता आणि मी हसून टाळ्या वाजवल्या. सायकलवरून पडून त्याचं कोपर फुटलं होतं, हे लेकीनं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी सोलापूरच्या नव्या पेठेतल्या क्लासात नाव घालून आलो.

क्लास एका कापडदुकानाच्या वर होता. जिन्यात साड्यांचे गठ्ठे रचलेले, त्यामुळे फ्रेंचपर्यंत अंग चोरून आडवं चढावं लागे. सर साठी ओलांडलेले. फ्रेंचची पदवी, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि जन्मात एकही फ्रेंच माणूस न भेटल्यामुळे आलेला ठाम आत्मविश्वास. माझ्या बाकावर शहराच्या पूर्व भागातले एक टॉवेल कारखानदार बसत. घरी तेलुगू, कामगारांशी मराठी, बँकेत इंग्रजी, आणि आता एका फ्रेंच गिऱ्हाइकासाठी ही चौथी भाषा.

पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर एक भूतकाळ मांडला. म्हणाले, "हा साहित्यिक भूतकाळ. फक्त पुस्तकात येतो. बोलताना कुणीही वापरत नाही."

"मग आपण आधी हाच का शिकायचा?" कारखानदारांनी विचारलं.

"परीक्षेत येतो म्हणून," सर म्हणाले.

सोलापुरात शाळा शिकलेल्या आम्हा दोघांना हे उत्तर पूर्ण पटलं. सरांनी पुढं फोड करून सांगितलं, की आपल्या पोथीत 'राजा बोलता झाला' असं असतं ना, तसाच हा. मग त्यांनी 'गाणे' हे क्रियापद घेतलं. अगदी नियमित, सरळमार्गी. हे एक आलं की हजारो क्रियापदं खिशात. आम्ही एका सुरात म्हणू लागलो: झ शांते, त्यू शांता, इल शांता, नू शांताम, वू शांतात, इल शांतेर. म्हणजे मी गाता झालो, तू गाता झालास, आणि असेच सगळे गाते झाले.

मी घरी सकाळी फिरताना, दाढी करताना पाठांतर सुरू केलं. 'मी', 'तू' तोंडात पाठ झालेच होते, म्हणून ते गाळून नुसती रूपं म्हणायचो. चौथ्या दिवशी बायकोनं चहाचा कप जरा आपटूनच ठेवला. ती टेंभुर्णीकडची, मनातलं मनात ठेवायची तिला सवय नाही.

"ही शांता कोण हाय?"

"अगं, क्रियापद आहे ते."

"व्हय? रोज सकाळी शांते, शांता, शांता! माजं नाव लगीन झाल्यापासनं एकदा तरी घेतलंय का तुमी?"

मी वही दाखवली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "दुसरं क्रियापद घ्या की." त्या दिवसापासून मी 'चालणे' पाठ करू लागलो.

इकडे कारखानदारांनी धीर एकवटून गिऱ्हाइकाला थेट फ्रेंचमधून फोन लावला. दुसऱ्या दिवशी ते क्लासात आले ते तोंड पाडूनच.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"मी म्हटलं, आम्ही टॉवेल पाठविते झालो. तो मग इंग्रजीत म्हणाला, माल बोटीनं पाठवलाय की राजाच्या दूताबरोबर?"

"रूप बरोबर होतं ना?"

"रूप बरोबर होतं, सर."

"मग चूक गिऱ्हाइकाची," असं म्हणून सर फळा पुसते झाले. मी हळूच विचारलं, की चहा कसा मागायचा तेवढं सांगाल का? सर म्हणाले, "तो वर्तमानकाळ. तो पुढच्या सत्रात." कारखानदार त्या दिवसानंतर आले नाहीत. ते आता मोबाइलवरून भाषांतर करून घेतात, आणि त्यांचा माल सुरळीत जातो.

मी मात्र टिकून राहिलो. एका रविवारी दुपारी कॉल लागला. मला येत होतं तेवढंच मी नातवापुढं ठेवलं: "एक लांडगा चालता झाला. लांडगा गाता झाला." पडद्यावर पोरगं एकदम ताठ बसलं आणि आईला ओढत घेऊन आलं.

लेक हसत म्हणाली, "आबा, हा म्हणतोय, तुम्ही पुस्तकातल्यासारखं बोलता. त्याच्या गोष्टींच्या पुस्तकांत अस्संच असतं. पुढं सांगा म्हणतोय."

मी चष्मा पुसला आणि पुढं सांगितलं.

आता दर रविवारी गोष्ट असते, आणि लेक ती आपल्या आईला मराठीत सांगते. सरांनी अजून अनियमित क्रियापदं घेतलेली नाहीत, त्यामुळे माझा लांडगा चालतो, गातो, नाचतो, बकरीशी बोलतो. पण त्याला पाणी पिता येत नाही, पळता येत नाही, की काही दिसत नाही. परवा नातवानं लेकीकरवी विचारलं, लांडगा शेवटी मरतो का? मी वही चाळली. मरणे अनियमित निघालं. "नाही," मी म्हणालो. नातवानं टाळ्या वाजवल्या आणि मागून बायको म्हणाली, "त्या बकरीला तरी काय खायला घाला की, कवाची उभी हाय."