रानकुत्र्यांचा वाटा

माझ्या बायकोला जंगल माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती जिवंत असताना हे मी एकदाही तोंडानं बोललो नाही. नोकरी माझी, खाकी माझी, आणि जंगलाची खबर मात्र तिची. ती गेल्याला दोन पावसाळे झाले. आता घरात कोणी काही सांगत नाही. पण खरं सांगायचं तर तिनं जंगलातलं मला सांगणं त्याच्या कितीतरी आधी बंद केलं होतं, आणि ते माझ्यामुळं. तेवढंच लिहायचं आहे.

तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदा म्हणत, गडचिरोली त्यातच होती. मी चौथीपर्यंत शिकलेला, धान लावणाऱ्या घरातला पोरगा. लिहिता येतं म्हणून जंगल खात्यात नाकेदार झालो. आता वनरक्षक म्हणतात, तेव्हा नाकेदार. पण कच्चा, कायम झालो नव्हतो. राहायला मूल या बाजारगावाच्या बाजूच्या जंगलात एक नाका होता, म्हणजे मातीच्या दोन खोल्या, वर कवेलू, म्हणजे कौलं. जवळचं गाव कोसभर लांब. काम काय, तर सागाची चोरी धरायची, वणवा पसरू नये म्हणून फागुनात वारा सुटायच्या आधी जाळरेषा, म्हणजे गवताचे पट्टे, जाळून घ्यायच्या, आणि दर आठवड्याला कोणतं जनावर कुठं दिसलं ते कागदावर लिहून रेंजर साहेबाला द्यायचं.

हे शेवटचं काम मी करतच नव्हतो. ती करायची. तिचं माहेर तलावाकाठचं, मासे मारणाऱ्यांचं. पाणी हललं की कशानं हललं हे त्या घरात लहानपणीच शिकवतात. ती मोहफुलं वेचायला, सरपणाला, पाण्याला जाई आणि येताना खबर घेऊन येई. चुलीपुढं बसून बोलत राही.

"अजी, अस्वलीन पाणवठ्यावर आली होती. दोन पिल्लं पाठीवर. मागचा पाय टेकत नोती, काटा भरला असन."

"तू किती जवळ गेलतीस वं?"

"मी नाई गेली. तेच आली. मी झाडामागं उभी राह्यली. तिले मनलं, पी बाई, मले घाई नाई."

मी हसायचो आणि दुसऱ्या दिवशी कागदावर लिहायचो, अस्वल एक मादी, पिल्ले दोन, पाणवठा, सकाळी. रेंजर साहेब नागपूरकडचे होते. म्हणायचे, "बाकीचे नाकेदार घरी बसून लिहितात. तुझा रिपोर्ट खरा असतो." मी मान खाली घालून ऐकायचो. हा रिपोर्ट माझ्या बायकोचा आहे असं कधी म्हणालो नाही.

आता वाट्याचं सांगतो.

आमच्याकडं रानकुत्रे खूप. कोणी त्यांना कोळसून म्हणतं. तांबडं अंग, काळी झुपकेदार शेपटी, भुंकत नाहीत, शीळ घालतात. सकाळच्या प्रहरी सगळी टोळी मिळून चितळ पाडतात. मोहफुलाच्या दिवसांत गावच्या बाया पहाटेच रानात असत. शीळ ऐकू आली, पाखरं उडाली की त्यांना कळे. टोपल्या तिथंच टाकून, हातात काठ्या घेऊन, आरडाओरडा करत त्या धावत. रानकुत्रे माणसाच्या अंगावर येत नाहीत. बाजूला सरकून उभे राहात. बाया मांस कापून घेत. पण सगळं नाही. आतडी-काळीज आणि एक पुढचा पाय पळसाच्या पानांवर ठेवून, हात जोडून परत फिरत. हा रानकुत्र्यांचा वाटा. तो न ठेवता कोणी मांस आणलं तर गावात त्या घरचं पाणी कोणी पीत नसे. ज्याची शिकार त्याच्या घरचं आपण खाल्लं, मग ते सोयरे झाले, असं बायांचं म्हणणं.

चितळाचं मांस घरात ठेवणं नाकेदारानं पकडायचा गुन्हा. एकदा माझ्याच चुलीवर ते शिजत होतं. मी डोळे वटारून बघितलं. ती म्हणाली, "नाकेदारसाहेब, पंचनामा करता का वाढू?"

"वाढ."

"आन् वाटा ठेवला का नाई, ते नाई इचारत?"

"ठेवला असशील."

"ठेवला. त्याइच्यातली एक बुढी हाये, कान फाटलेली. तेच पयले येते. मंग बाकीचे."

तो गुन्हा मी दोनदा वाढून घेतला.

त्याच सुमारास आमच्या भागात जनावरांसाठी जंगल राखून ठेवायचं वारं आलं. शिकारीला आळा बसणार, हरणं वाढवायची, लोक बघायला येणार, असं साहेब सांगत. चांगलीच गोष्ट होती, मला आजही चांगलीच वाटते. पण रेंजवर, म्हणजे साहेबाच्या कचेरीत, आम्हा सगळ्या नाकेदारांना उभं करून साहेब म्हणाले, "हरणं वाढायची तर रानकुत्रे संपले पाहिजेत. हे जंगलातले डाकू. एकेक टोळी आठवड्याला किती हरणं खाते, हिशोब करा. जो काम दाखवेल त्याचं नाव मी वर पाठवीन." तेव्हा सगळीकडं हाच विचार होता. रानकुत्रा मारायला बक्षीस असे आणि शेपटी हा पुरावा. साहेब वाईट माणूस नव्हता. पुस्तकात जे होतं ते त्यानं सांगितलं. माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला, तो म्हणजे नाव वर जाणं. म्हणजे कायम होणं.

त्यानंतर आठेक दिवसांनी ती मोहफुलं निवडत बसली होती आणि मधूनच एकटीच हसत होती.

"काय झालं?"

"पिल्लं बाहेर येऊन राह्यली. सात हायेत. एक काळपट हाये, तो सगळ्याइच्या आंगावर चढते. मंग त्याची माय त्याले मानगुटीले धरून आत टाकते, आन् हा पुना बाहेर. दोनदा टाकलं, दोनदा आला."

"कुठी वं?"

"तुमाले कायले पायजे?"

"असंच."

"नाल्याच्या वाकणावर. जांभळीच्या मुळाखाली बिळ हाये."

इतकं सोपं होतं. तिनं हात झाडले आणि पुढं काळपट पिल्लाचंच सांगत राहिली. मी ऐकत होतो, पण ऐकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ती गावात लग्नघरी तांदूळ निवडायला गेली. मी गावच्या एका म्हाताऱ्या माणसाला मजुरीवर सोबत घेतलं. वाकणाजवळ आलो तर तो थांबला.

"नाकेदार, इथी नोको."

"काऊन?"

"हे बायाइची जागा हाये. पिल्लं असली का वाटा इथीच आनून ठेवते."

"मी सरकारी कामाले आलो, बा."

"मंग सरकारनं कराव," तो म्हणाला, आणि पाठ करून दगडावर बसला. बिडी पेटवली. शेवटपर्यंत वळला नाही.

मोठे शिकारीला गेले होते. एकच मागं राहिली होती. ती नाल्याच्या पल्याड उभी राहून शीळ घालत होती, पुढं येत नव्हती, मागंही जात नव्हती. तिचा कान फाटलेला होता. मी बिळाच्या तोंडाशी ओला पाला पेटवला. बाकी लिहीत नाही. उन्हं डोक्यावर यायच्या आत संपलं. सात होती. तिनं मोजलेलं बरोबर होतं.

शेपट्या घेऊन मी परस्पर रेंजवर गेलो. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बक्षीस घेतलं, नाही म्हणत नाही. परत येताना मी चालत नव्हतो, उडत होतो. नाव वर जाणार, पक्की नोकरी लागणार, तिला सांगीन, असं डोक्यात होतं. ती खूश होईल असं मला खरंच वाटत होतं. माझ्याइतका मूर्ख त्या जंगलात दुसरा नसेल.

घरी आलो तर ती चुलीपुढं बसली होती. चूल पेटली नव्हती. पायाला नाल्याची ओली माती लागलेली होती. म्हणजे गावात तिला कळलं होतं आणि ती तिथं जाऊन आली होती.

"तुमीच ना?"

"सरकारी हुकूम हाये."

"हुकमाले जागा कोणं सांगतली?"

मी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"त्याइच्या घरचं खाल्लं आपन," ती म्हणाली. "तुमी दोन डाव मांगून खाल्लं."

"जनावर हाये वं ते."

"हो. जनावरच हाये." मग चुलीत काटक्या सारत, "भात टाकू का?"

भात टाकला, वाढला. ना रडली, ना माहेरी गेली. मला वाटलं, मिटलं.

दोन दिवसांनी ती सरपण घेऊन आली. मी नेहमीसारखं विचारलं, "काय दिसलं आज?"

"झाडं."

मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. "झाडं." आठवड्यानं विचारलं. "झाडं." रागानं नाही, तोंड फिरवूनही नाही. बाकी सगळं बोलायची. धान, कोंबड्या, गावातली भांडणं, माझ्या खोकल्यावर काय घ्यायचं, सगळं. फक्त जंगल तिनं माझ्यापुरतं बंद केलं.

ती तेव्हा पोटुशी होती. मुलगी पुढं पावसाळ्यात झाली. लोक म्हणतील, पोटुशी म्हणून पिल्लांचं मनाला लागलं. तसं नव्हतं. तिला वाट्याचं लागलं. आणि तिनं आनंदानं सांगितलेली गोष्ट मी शेपट्या करून विकली, त्याचं लागलं.

माझे रिपोर्ट सुकले. सांबर एक, चितळ काही, माकडे. साहेब म्हणाले, "काय रे, तुझ्या बीटातली जनावरं मेली का?" मग मी घरी बसून लिहायला लागलो. एकदा लिहिलं, पाणवठ्यावर अस्वल. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचलं. "पाणवठा तर पंधरा दिवस झाले सुकलाय. अस्वल काय प्यायला आलं होतं बे, धूळ?" सगळे नाकेदार हसले. मीही हसलो. कायम मात्र झालो, त्याच वर्षी.

हरणं वाढली, हे खरं. दोन-तीन वर्षांत गावच्या धानात कळपानं शिरायला लागली. एक शेतकरी नाक्यावर येऊन म्हणाला, "तुमच्या सरकारची जनावरं बांधून ठेवा, नाईतर आमाले तरी बांधा." रानकुत्रे गेले म्हणूनच हरणं वाढली असं मी म्हणत नाही, माझं तेवढं शिक्षण नाही. पण त्या दिवशी बायकोनं त्या शेतकऱ्याला पाणी दिलं आणि माझ्याकडं एकदा बघितलं. तेवढं मला समजलं.

एका फागुनात जाळरेषेवर मजूर कमी पडले म्हणून ती सोबत आली. पोरीला पाठीशी बांधलेलं. आम्ही गवत सारत चाललो होतो आणि लांबून शीळ आली. बारीक, दोनदा. ती जागच्या जागी उभी राहिली. तिच्या तोंडावर काय आलं ते मी पाहिलं. म्हणजे कोणीतरी उरलं होतं, कुठून तरी परत आलं होतं. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. चुकलो, एवढाच शब्द. मजूर मागं लांब होते, पोरगी झोपलेली, कोणी ऐकणारं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "काय वाजलं वं?" जसं काही मला माहीतच नाही.

ती म्हणाली, "पाखरू." आणि पुढं चालायला लागली.

मी म्हणालो, "वारा सुटायच्या आत त्या टोकाले पोचलं पायजे."

पुढं पुष्कळ वर्षांनी हुकूम फिरला. रानकुत्रा मारला तर सजा. मीच माझ्या हातानं नाक्यावर पाटी ठोकली आणि घाईघाईनं घरात गेलो. "आयकलं का? आता रानकुत्रे मारायचे नाईत. वरून हुकूम आला."

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबवलं नाही. "मंग त्याइले जाऊन सांगा," म्हणाली.

माझ्याकडं त्यानंतरही खूप वर्षं होती. रिटायर झालो, गावात घर बांधलं, तिचे गुडघे गेले, मग डोळे गेले. मी तिला हात धरून अंगणात नेत होतो. रोज दोन वेळा हात हातात असायचा. तरी तो एक शब्द निघाला नाही. खाकी उतरली तरी आतला नाकेदार उतरत नाही. आज म्हणीन, उद्या म्हणीन, असं करत ती एका दुपारी जेवण झाल्यावर भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

तेरवीनंतर मुलगी चार दिवस राहिली. तिचंही वय झालं आता. आईची लुगडी घडी करत होती. मी म्हणालो, "तुझी माय जंगलातलं लय जाणे. पन मले काई सांगे नाई."

मुलगी म्हणाली, "मले सांगे."

"काय सांगे?"

"सगळं. दर साली रानकुत्रे कुठी येते, किती पिल्लं झाले. नाक्याजवळच एक बिळ होतं, बाबा. लय सालं होतं. माय वाटा ठेवाले जाये. मलेबी नेये."

नाक्याजवळ. मी तिथं बावीस वर्षं नोकरी केली.

"कुठी वं?" मी विचारलं.

तिनं लुगडं मांडीवर ठेवलं. "मायनं सांगतलं होतं, तुमाले सांगाचं नाई."

"आता मी काय करीन? मले अंगणातली कोंबडी धरता येत नाई."

"मले मालूम हाये, तुमी काई नाई करणार," ती म्हणाली. आवाज मऊ होता, तिच्या आईचा असायचा तसा. "पन तिनं मनलं होतं. मी नाई सांगत, बाबा."

"बरं," मी म्हणालो.

तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि आत चहा टाकायला गेली. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही मला सांगितलं नसतं.