म्हैस कट्ट्यावर, मी खुर्चीवर

हे मी उभ्यानं लिहितोय. फ्रीजवर कागद ठेवलाय, कमरेला पट्टा आवळलाय आणि एक पाय पाटावर टेकवलाय. फार वेळ बसून लिहायला गेलो की डाव्या कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत मुंग्या धावायला लागतात. सून येता-जाता म्हणते, "आबा, दूध काढायचंय आतलं, तुमची कचेरी जरा बाजूला घ्या." बोलण्यात ती मला हार जाणारी नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचा सगळा जन्म शिरोलीच्या एमआयडीसीत, लोखंड ओतायच्या फौंड्रीत गेला. साच्याच्या पेट्या वाकून उचलायच्या, वाकूनच ठेवायच्या. कुणी कमरेला पट्टा बांधून आला तर आम्ही त्याला हसायचो. आता कंबर मला हसते.

बायको गेली त्याला दोन पावसाळे झाले. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात कारभार आटोपला. मागं राहिलो मी आणि तिची म्हैस. माणसं भेटायला आली ती मला बघून रडली, म्हशीकडं कुणी बघितलं नाही. खरा घोटाळा गोठ्यात होता. म्हैस तिनं रेडकापासून वाढवलेली, दुसऱ्या कुणाला पान्हा सोडेना. पोरानं पेंड घालून बघितलं, रेडकू लावून बघितलं. शेजारचा आला, त्याची बादली म्हशीनं लाथ मारून उकिरड्यावर धाडली.

मग माझ्या डोक्यात आलं. बायको धार काढताना बोलायची. मी परसदारी चहा पीत बसलेलो असायचो, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात ती म्हशीला माझी गाऱ्हाणी सांगायची. "बघ की गं बाई, काल परत ह्येंनी वला टावेल गादीवर टाकला. सांगून सांगून माझं त्वांड दुखलं. तुला तरी कळतंय, ह्यास्नी कळत न्हाई." असं सगळं. म्हैस कान पाडून ऐकायची आणि दूध द्यायची.

आजूबाजूला कुणी नाही बघून मी कासेजवळ उकिडवा बसलो आणि तिच्या चालीत सुरू केलं. "बघ की गं बाई, ह्येंनी चहाचा कप परत बाजंखाली ठेवला. मुंग्या लागल्या, मुंग्या." म्हशीनं कान पाडले. हाताला कास भरल्यासारखी लागली आणि बादलीत धार वाजली. माझ्या डोळ्यांतलं पाणी दुधात पडू नये म्हणून मान फिरवून धार काढली.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी माझीच उणीदुणी काढत बसायचो. मजा अशी की, तिचं बोलणं माझ्या तोंडात फक्त म्हशीपाशी येतं. घरात बसून आठवायला गेलो तर चार शब्द जुळत नाहीत.

आणि गेल्या थंडीत, उकिडव्यावरून उठताना, हातात भरली बादली, कंबर जी लॉक झाली ती झालीच. दूध सगळं सांडलं आणि मी ओणवा तो ओणवाच. पोरगं धावत आलं, मला तसाच घडी घातल्यासारखा उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी म्हणालं, "आबा, म्हस इकूया. बेंदूर झाला की गिऱ्हाईक आणतो."

"आन् मी काय करू?"

"टीव्ही बघा की."

त्याचं चुकत नव्हतं. पण म्हैस गेली की ती बोलणारी पण दावणीवरून गेली, हे त्याला कसं सांगायचं? बेंदरापर्यंत, म्हणजे आषाढातल्या बैलांच्या सणापर्यंत, कंबर ताळ्यावर आणायची, एवढंच ठरवलं.

आमच्याकडं हाडामासाचं काही झालं की माणूस पहिल्यांदा तालमीत जातो. मीही गेलो. वस्ताद माझ्याच वयाचा, पण मान अजून बैलासारखी. म्हणाला, "मणका सरकलाय तुझा. पालथा पड." पाठीवर गुडघा ठेवून त्यानं असा दाब दिला की कटकन आवाज झाला.

"आवाज आला का?"

"आला."

"मग बसला मणका. ऊठ."

उठायलाच येईना. वस्तादही घाबरला, पण तोंडानं म्हणतोय, "बसलाय, बसलाय, जरा वेळ लागतोय." शेवटी त्याच्या पैलवानांनी मला बाजेवर घालून घरी आणलं. कोपऱ्यावरचा पानवाला ओरडला, "आबा, कुणाशी कुस्ती लावलीती?" मी बाजेवरूनच म्हणालो, "वस्तादाशी. निकाल दिसतोय न्हवं?"

मग शहाण्यासारखं डॉक्टरकडं गेलो. त्यांनी एमआरआय सांगितला. पिंपात सरकवल्यासारखं आत घालतात आणि बाहेरून दणादणा आवाज. लोक घाबरतात म्हणे. मला फौंड्रीत गेल्यासारखं वाटून झोप लागली. बाहेर ओढून काढलं तेव्हा घोरत होतो.

डॉक्टरनं फिल्म उजेडात धरली. "हे मणके. ह्यांच्यामधल्या ह्या गाद्या बघा, काळ्या पडल्यात, पातळ झाल्यात. आणि ही नसेवर टेकलीय."

"म्हंजे मशीनचा बुश झिजलाय म्हणा की."

"तसंच काहीसं."

"मग बदलून टाका."

ते हसले. म्हणाले, ऑपरेशन असतं, पण तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही. पायातली ताकद गेली, लघवी-संडासचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी यायचं, थांबायचं नाही. तोवर थोडे दिवस गोळ्या, रोज चालणं आणि व्यायाम. नसेचं दुखणं हटलंच नाही तर पाठीत इंजेक्शन देता येतं. झोपून राहायचं नाही. आणि पाठीवर कुणाला गुडघा ठेवू द्यायचा नाही.

"गादी परत भरून येईल का?"

"झिजलेलं भरून येत नाही, आबा. पण दुखणं कमी होतं. त्याच्यासकट माणसं छान जगतात."

मला हा डॉक्टर आवडला. खोटं बोलला नाही. दुसऱ्या एका झिजेबद्दलही हेच विचारायचं होतं, पण त्याची फिल्म निघत नाही.

व्यायाम शिकवायला आजऱ्याकडची एक पोरगी होती. माझ्या नातीएवढी, आणि तोंड माझ्या सासूसारखं. "आबा, पोट आत. आणखी आत. श्वास कोंडू नका. हे व्यायाम म्हणायचे, लोळणं नव्हे." उताणं पडून कंबर उचलायची, मांजरासारखं चार पायांवर उभं राहून पाठ फुगवायची. ह्या वयात मांजर व्हायला लावलं. पण खरं सांगतो, महिन्याभरात मुंग्या पोटरीवरून गुडघ्यापर्यंत मागं सरल्या.

एक दिवस तिनं विचारलं, "घरी काम काय करता?"

"म्हशीची धार काढतो. दुसऱ्या कुणाला देतच न्हाई ती."

"उकिडवं बसून?"

"मग काय खुर्चीवर बसून?"

"हां, खुर्चीवर."

"आगं, कास खाली आसती बाई."

"मग म्हशीला वर घ्या की. कामापाशी तुम्ही कशाला वाकताय?"

एक पाय हवेत धरून मी तसाच पडून राहिलो. फौंड्रीत शेवटी शेवटी साहेबानं पेट्या ठेवायला कमरेएवढी स्टँडं केलीती. तवा आम्हीच त्यांना नावं ठेवली होती.

गवंड्याला बोलावलं. गुडघ्याएवढा कट्टा, म्हशीपेक्षा हातभर लांब, एका बाजूनं उतार, वर खरबरीत कोबा, खूर घसरायला नको म्हणून रबरी मॅट. गवंडी म्हणाला, "आबा, म्हशीचं लगीन हाय का काय?" पोरगं डोक्याला हात लावून उभं. सून मात्र खुदूखुदू हसत म्हणाली, "मंडपाचं पण सांगा."

कट्टा वाळेपर्यंत बेंदूर येऊन गेला. आणि जो दिवस मी म्हैस चढवायला धरला, त्याच सकाळी पोराचं गिऱ्हाईक दारात. कुरुंदवाडकडचा व्यापारी, मोटरसायकल लावून उभा.

"या पावणं. जरा थांबा," मी म्हणालो.

म्हैस उताराशी आली आणि पाय रोवून उभी राहिली. पेंड दाखवली, हलेना. पोरानं दावं ओढलं, मागं सरली. व्यापारी म्हणाला, "भित्री दिसतीया." पोरानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं.

मग मी एकटाच उतारावरून वर गेलो, म्हशीकडं तोंड करून उभा राहिलो. आजवर हे कुणासमोर केलं नव्हतं.

"बघ की गं बाई," मी म्हणालो. "ह्या माणसाला अक्कल हाय का? कंबर मोडली तर डॉक्टर सोडून तालमीत गेलं. बाजंवर पडून आलं सगळ्या गावातनं. आन् आता मांजार हुतंय ह्या वयात. माझी म्हस स्टेजवर चढवाया निघालंय येडं. चल बाई, तूच वर ये, ह्येंच्या नादाला कोण लागणार?"

बोलताना माझ्याच लक्षात आलं, ह्यातलं काहीच बायको कधी बोलली नव्हती. कंबर मोडली तेव्हा ती नव्हती, तालीम नाही, मांजर नाही. तरी शब्द न् शब्द तिचा होता.

म्हशीनं कान पाडले. एक पाय उतारावर ठेवला, हुंगलं, दुसरा ठेवला आणि सावकाश वर आली. मी खाली उतरून खुर्ची ओढली, ताठ बसलो. कास बरोबर हातापुढं. धार वाजायला लागली तशी पोरगं उगाच दावणीकडं तोंड करून शेण बघत बसलं.

व्यापारी चहा पिऊन उठला. पोराला म्हणाला, "ही म्हस नका इकू. दुसऱ्याच्या दारात हिनं कुणाची गाऱ्हाणी ऐकायची?" तेव्हापासून पोरानं विकायचं नाव काढलेलं नाही.

दुखणं आहेच. गारठा पडला की जास्त, प्रवास केला की त्याहून जास्त. पण सकाळची धार माझी. संध्याकाळी चालायला जातो, तेव्हा सून खुर्चीवर बसते. पहिल्यांदा तिला म्हशीनं दाद दिली नाही. मग एकदा लवकर परतलो तर गोठ्यातनं आवाज आला, "बघ की गं बाई, ह्या म्हाताऱ्यानं माझा फ्रीज धरून ठेवलाय. भाजी काढायची सोय न्हाई." आणि धार अशी वाजत होती की माझ्यापेक्षा बादली जास्त भरली.

ही बघा, सून आलीच. "आबा, उचला आता." कागद उचलतो. चहाचा कप मात्र फ्रीजवरच ठेवून जातो. संध्याकाळी म्हशीला सांगायला तिला काहीतरी पाहिजे.