केरूच्या वाट्याचा कातळ

हातखंब्याच्या वरच्या अंगाला चिऱ्यांची एक खाण होती. तिच्या ठेकेदाराची जीभ फार घाण. एकदा भर माणसांत त्याने केरूच्या बापाचा उद्धार केला. केरूने टिकाव तिथेच टाकला, मुंबईची बोट धरली आणि गिरणीत चिकटला. त्याची बायको राही मागे राहिली, डोक्यावर चिरे वाहत.

पुढे तेहतीस साली ठेकेदार खाण सोडून गेला आणि कामकऱ्यांनी ती स्वतःच चालवायला घेतली. सोसायटी केली म्हणा ना! मालक कोणी नाही, मुकादमकी पाळीपाळीने. कातळ कुठे मऊ लागतो, कुठे जीव काढतो, म्हणून ज्याचा त्याचा वाटा दरवर्षी खडे टाकून ठरायचा. कोणी तापाने पडला, तर बाकीचे त्याचा वाटा कापून द्यायचे. चिरे वाहणाऱ्या बायकाही सभासद. पहिल्या बैठकीत पुरुष घसा बसेस्तोवर भांडले आणि ते दमल्यावर राही उठली.

"आमच्या घरातल्यांचा पन एक वाटा ठेवा," ती म्हणाली. "आता वरडनारा कोन नाय. त्ये येतील."

विठू तेव्हा मुकादम होता. तो म्हणाला, "ठेवू की!"

खडा पडला तो नेमका मऊ कातळावर. राहीचा आनंद पोटात मावेना. केरूने शिमग्याला येतो असा सांगावा धाडला होता. पण बयेला कुठला दम! दसरा झाला नाही तोच तिने एकटीने त्या वाट्यावरची माती उपसली, मुळं खणून काढली आणि कातळ झाडून लख्ख केला.

शिमगा आला, केरू आला नाही. रजा मिळाली नाही म्हणे. पुढच्या शिमग्यालाही तेच.

आता चिऱ्याच्या या जांभ्या दगडाचा स्वभाव असा, की मातीखाली तो मऊ असतो आणि उघड्यावर पडला की कडक होत जातो. विठूला हे ठाऊक होतं, सगळ्यांना होतं. राहीला तर होतंच होतं. पण तो वाटा दुसऱ्याने कापावा असं म्हणायला कोणाची जीभ उचलेना, आणि ती तर येता-जाता त्यावरची पानं झाडायची. असता एखादा मालक, तर त्याने दुसऱ्याच दिवशी तिथे दुसरा माणूस उभा केला असता.

तिसऱ्या शिमग्याला केरू खरंच आला. देवाची पालखी घरी येऊन गेल्यावर राही त्याला खाणीवर घेऊन गेली. त्याने टिकाव उचलून घाव घातला. खण्णकन आवाज झाला. कातळाचा कपचा उडाला नाही, केरूच्या तळहाताची साल मात्र निघाली.

"ह्यो माझा वाटा?" तो हसला. "गिरनीतलं लोखंड परवडलं!"

विठू धावत आला. "माझा घे, केरू. कालच माती काढलीय. ह्यो मी फोडतो कसा तरी."

बाकीचेही आपापला वाटा द्यायला पुढे झाले. राहीला वाटलं, आता हा राहणार. तिने मनातल्या मनात गावच्या राखणदार देवाला नारळ बोलला.

केरूचे डोळे भरून आले होते. "नको रे, विठू. येवडी वरसं तुमी वाटा ठेवलात, त्येच मोप झालं. पन ह्ये हात आता गिरनीतल्या साच्याचं झालं. तुमच्या जिवावर बसून खाऊ काय?"

चार दिवसांनी तो गेला. राही बंदरावर पोचवायला गेली नाही. तिला नवरा हवा होता, रोज संध्याकाळी हातपाय धुऊन चुलीपुढे बसणारा. बाकी काही नको होतं तिला.

दसऱ्यानंतर सगळे पुन्हा खडे टाकायला जमले. केरूचा विषय कोणी काढेना. शेवटी विठूनेच विचारलं, "राहीवयनी, ह्या वरसाला काय करायचं?"



"ठेवा," ती म्हणाली. "पन माती काढू नका."